प्रकाशाचा स्पर्श

तेज म्हणजे काय, असें एकाद्या शाळेंतल्या मुलास विचारलें तर ‘ज्याच्यामुळें दिसतें तें’ असेंच उत्तर बहुधा मिळेल. आमच्या नैयायिकांनीं मात्र ही सोपी वाट धरली नाहीं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत तेजाची ओळख रूपावरून नव्हे, तर उष्ण स्पर्शावरून पटविली आहे. आणि वायूविषयीं सांगतांना त्यास रूप नसून केवळ स्पर्श आहे, असें म्हटलें आहे. हीं लक्षणें पुष्कळांस शुष्क शब्दखेळ वाटतात. परंतु अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा येथील शाखेंत योन व्हिझेल, मॅक्स लिनँडर व त्यांचे सहकारी यांनीं जो पडदा तयार करून २०२५ सालीं प्रसिद्ध केला, त्याची हकीकत वाचतांना आम्हांस या दोन लक्षणांची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. त्या पडद्यावर प्रकाश पडतो, प्रकाशाच्या उष्णतेनें आंत कोंडलेली हवा फुगते, आणि जेथें प्रकाश पडला तेथें बोटाला उंचवटा लागतो. तेज वायूस हालवितें आणि वायु बोटास. जें आजवर केवळ डोळ्यांसाठीं होतें, तें हातास लागूं लागलें.

अशा बातम्या एका दिवसाचें नवल म्हणून वाचल्या जातात आणि विसरल्या जातात. पण या नवलाच्या मागें दोन लांब वाटा आहेत. एक वाट प्रकाशाकडून काम करून घेण्याची, दुसरी बोटानें वाचण्याची. पुष्कळ काळ या दोन्ही वाटा एकमेकींस न भेटतां चालल्या होत्या. त्या कोठून निघाल्या आणि कोठें मिळाल्या हें पाहिलें, म्हणजे त्यांतून एक धडा निघतो, आणि तो आम्हां डोळसांनींच आधीं शिकण्याजोगा आहे. तो असा कीं, बोट हा कांहीं अधू डोळा नव्हे. त्याचें राज्य निराळें आणि त्याचे कायदेही निराळे.

पहिल्या वाटेचा आरंभ अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्यापासून धरण्यास हरकत नाहीं. दूरध्वनीचा शोधक म्हणून जग त्याला ओळखतें. पण बेल स्वतःस बहिऱ्यांचा शिक्षक म्हणवीत असे. त्याची आई बहिरी, पत्नीही बहिरी. एका इंद्रियाचें काम दुसऱ्याकडून कसें करून घ्यावें, हा प्रश्न त्याच्या घरांतच नांदत होता. १८८० सालीं वॉशिंग्टन येथें चार्ल्स सम्नर टेंटर या सहकाऱ्यासह त्यानें सूर्याच्या किरणावरून बोलणें पाठविण्याचें यंत्र सिद्ध केलें. बोलणाऱ्याच्या आवाजानें एक पातळ आरसा थरथरे, त्यावरून परतणारा किरण त्याच मानानें कमीजास्त होई, आणि दुसऱ्या टोकास सेलेनियम या द्रव्याच्या साह्यानें त्या प्रकाशाचा पुन्हा आवाज होई. एका शाळेच्या गच्चीवरून टेंटर बोलला आणि सुमारें ७०० फुटांवरच्या प्रयोगशाळेंत बेलनें तें ऐकलें. सूर्यकिरणास हंसतांना, खोकतांना व गातांना आपण ऐकलें, असें त्यानें मोठ्या हर्षानें आपल्या वडिलांस कळविलें.

याच प्रयोगांच्या ओघांत त्यास जें दुसरें रहस्य सांपडलें, तें आमच्या विषयास अधिक जवळचें आहे. छिद्रें पाडलेली चकती फिरवून सूर्यप्रकाश तुटक तुटक केला आणि तो एकाद्या पातळ तबकडीवर पाडला, तर सेलेनियम नको, वीज नको, ती तबकडी स्वतःच नाद काढते! पुढें १८८१ पर्यंत बेलनें नाना पदार्थ काचेच्या नळ्यांत घालून पाहिले. लोंकर, कापूस, धातु, लांकूड, सर्वांची परीक्षा झाली. जितका पदार्थ काळा व सच्छिद्र, तितका नाद मोठा. आणि सर्वांत वरचढ ठरलें साधें काजळ. काजळी धरलेल्या पात्रांतून निघालेला आवाज जवळ लावलेल्या कानास दुखविण्याइतका मोठा होता. कारण उघड आहे. काजळ प्रकाश गिळतें व तापतें. त्याच्या लगतची हवा क्षणांत फुगते, प्रकाश तुटतांच निवते व आकसते. हें फुगणें-आकसणें सेकंदास शेंकडों वेळां झालें म्हणजे त्यालाच कान नाद म्हणतो. त्याच सुमारास इंग्लंडांत टिंडाल यानें व जर्मनींत राँटगेन यानें निरनिराळ्या वायूंवर असे प्रयोग केले. प्रकाश केवळ दाखवीत नाहीं, तो ढकलूंही शकतो, हें त्या काजळाच्या नळीनें सिद्ध केलें. पण ती ढकल त्या वेळीं कानासच पोंचली. बोट तेथें लावून पाहावें, असें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

आतां दुसरी वाट. पॅरिस शहरांत व्हालांतँ आउई या गृहस्थानें १७८५ च्या सुमारास अंध मुलांची शाळा काढली. एका छापील कागदाच्या पाठीवर उमटलेलें अक्षर त्याच्या पहिल्या अंध विद्यार्थ्याच्या बोटास कळलें व त्यावरून त्यास उठावाच्या छपाईची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आउईनें डोळसांचीं रोमन अक्षरेंच मोठीं व उठावदार करून जाड कागदावर छापलीं. त्याचा हेतु थोर होता यांत संशय नाहीं. ज्यांस भीक मागण्यावांचून गति नाहीं असें समाज समजत होता, त्यांच्या हातीं त्यानें पुस्तक दिलें. परंतु तीं पुस्तकें अवजड झालीं, एकेक अक्षर चांचपीत मूल ओळीच्या शेवटास पोंचेपर्यंत आरंभ विसरून जाई, आणि मुलांस स्वतःस त्या अक्षरांत लिहितां येणें तर जवळजवळ अशक्य होतें. आउईचें चुकलें कोठें? त्यानें बोटास डोळ्याची उतरलेली वस्त्रें नेसविलीं. रेषेचें वळण एका दृष्टिक्षेपांत घेणें हा डोळ्याचा धर्म आहे. बोटास तीच रेषा वाटसराप्रमाणें पायीं चालून जावी लागते.

ही चूक सुधारली ती एका अंध मुलानें. लुई ब्रेल हा कूव्ह्रे गांवच्या एका जीनगराचा मुलगा, जन्म १८०९ चा. तीन वर्षांचा असतांना बापाच्या कारखान्यांत हत्यारांशीं खेळतांना डोळ्यास दुखापत झाली, आणि पुढें दोन्ही डोळे गेले. १८१९ सालीं तो आउईच्या शाळेंत दाखल झाला. तोफखान्यांतील एक माजी अधिकारी शार्ल बार्बिये यानें टिंबांची एक लिपि बसविली होती. ती १८२१ त शाळेंत आली. तींत एका चिन्हास बारापर्यंत टिंबें लागत आणि ती उभी रांग बोटाच्या टोकाखालीं मावत नसे. ब्रेलनें ती सहा टिंबांवर आणली. सहा टिंबांच्या मांडणीपासून त्रेसष्ट चिन्हें होतात, आणि प्रत्येक चिन्ह बोट न हालवितां एका स्पर्शांत कळतें. १८२४ सालीं, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्याची पद्धति बहुतेक सिद्ध झाली होती. १८२९ त ती छापून निघाली. टिंबाची उंची सुमारें अर्धा मिलिमीटर, दोन टिंबांतील अंतर सुमारें अडीच मिलिमीटर. हें माप डोळ्यानें ठरविलेलें नाहीं; तें बोटानें ठरविलेलें आहे.

आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, डोळस शिक्षकांनीं या लिपीस पुष्कळ दिवस दूर ठेविलें. डोळसांस वाचतां न येणारी लिपि अंधांस शिकविली तर ते समाजापासून तुटतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८४० नंतर कांहीं वर्षें शाळेच्या नव्या चालकानें ती वापरूं दिली नाहीं. मुलें ती चोरून शिकत. ब्रेल १८५२ सालीं वारला आणि १८५४ सालीं त्याच्या लिपीस शाळेंत अधिकृत मान्यता मिळाली. पुढें तीच लिपि जगभर गेली. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनीं १९०० सालीं अंधांची शाळा सुरू केली. हिंदुस्थानांतल्या भाषांसाठीं प्रथम निरनिराळ्या पद्धति चालू होत्या, पण १९५१ सालीं भारती ब्रेल ही एकच पद्धति ठरली. मराठी ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ यांस तींत तींच दोन टिंबें आहेत. डोळ्यास परक्या दिसणाऱ्या दोन लिपि बोटाखालीं बहिणी निघाल्या, ही गोष्ट आम्हांस मोठी मनोरम वाटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या दोन वाटा प्रथम एकमेकींजवळ आल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील विद्युत्‌शास्त्रज्ञ जॉन लिनव्हिल यांची मुलगी बालपणींच अंध झाली होती. १९६२ सालीं जर्मनींत एक जलद छपाईचें यंत्र त्यांनीं पाहिलें. त्यांतल्या बारीक हातोड्या अक्षरें ठोकीत होत्या. त्या हातोड्यांवर बोट ठेविलें तर अक्षर कळेल, असें त्यांच्या मनांत आलें. जेम्स ब्लिस यांच्या साह्यानें त्यांतून ऑप्टाकॉन हें यंत्र निघालें व १९७१ पासून तें विक्रीस आलें. एका हातानें लहानसा कॅमेरा छापील ओळीवरून फिरवावयाचा. दुसऱ्या हाताच्या तर्जनीखालीं चोवीस ओळी व सहा रकाने अशा १४४ सुया असत. कागदावर जेथें शाई तेथें सुई थरथरे. त्या मुलीनें याच यंत्राच्या बळावर उच्च शिक्षण पुरें केलें. बापाच्या ममतेंतून निघालेलें याहून सुंदर यंत्र आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

परंतु येथें आउईचीच अडचण पुन्हा उभी राहिली. सुया छापील अक्षराचा आकार दाखवीत, म्हणजे पुन्हा डोळ्याचीच लिपि बोटाखालीं. बहुतेकांचा वेग मिनिटास पन्नास शब्दांच्या आसपास किंवा त्याहून कमी राही. सरावलेला ब्रेलवाचक सहज शंभरावर जातो. १९७६ सालीं रेमंड कुर्झवाइल यांनीं छापील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारें यंत्र आणलें आणि काम कानाकडे गेलें. १९९६ सालीं ऑप्टाकॉन बंद पडलें. तरी ज्यांच्याजवळ तें होतें त्यांपैकीं कित्येकांनीं तें जिवापाड जपलें. त्याचें कारण विचारांत घेण्यासारखें आहे. वाचून दाखविणारा, मग तो मनुष्य असो कीं यंत्र, तुमच्या व कागदाच्या मध्यें उभा असतो. ऑप्टाकॉन हातीं असतां टपालानें आलेलें पत्र अंध मनुष्य कोणासही मध्यें न घेतां स्वतः पाहूं शके. वेग कमी होता, पण स्वातंत्र्य पुरें होतें. अंधाचें पत्र दुसऱ्यानें वाचणें ही गोष्ट आम्हांस किरकोळ वाटते, कारण आमचीं पत्रें आम्हीच वाचतों.

इकडे दुसरीच एक क्रांति चालली होती. १९६५ सालीं इंग्लंडांत ई. ए. जॉन्सन यांनीं विमानांच्या नियंत्रणासाठीं बोट लावतांच उत्तर देणाऱ्या काचेची कल्पना मांडली. १९७२ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत प्लेटो नांवाच्या शिक्षणयंत्रास जो पडदा बसविला, त्याच्या कांठांवरून अदृश्य किरणांची जाळी सोडलेली होती, उभे सोळा आणि आडवे सोळा. बोट मध्यें आलें कीं किरण अडे आणि यंत्रास जागा कळे. म्हणजे पाहा, बोटास प्रकाश लागण्याच्या पुष्कळ आधीं प्रकाशास बोट लागलें! पण हा व्यवहार एकतर्फी होता. काच घेई, परत कांहीं देत नसे.

२००७ नंतर अशी काच खिशांत आली आणि पाहतां पाहतां टेलिफोनच्या, उद्वाहनाच्या, शेगडीच्या कळा तिनें पुसून टाकल्या. डोळस मनुष्यास यांत सोय झाली. अंध मनुष्याचें काय झालें? जुन्या टेलिफोनच्या मधल्या कळीवर, पांचाच्या आंकड्यावर, एक बारीक उंचवटा असे. तेवढ्या खुणेवरून सारे आंकडे बोटास पाठ होत. नव्या काचेवर सर्व जागा सारख्याच गुळगुळीत. २००९ पासून या काचा बोलूं लागल्या. बोट जेथें असेल तेथचें नांव त्या उच्चारतात, आणि त्यामुळें अंधांस त्या वापरतां आल्या, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. पण जें काम बोट मुकाट्यानें करीत होतें, तें आतां कानास चारचौघांत करावें लागतें.

काचेस पुन्हा स्पर्श देण्याचे प्रयत्न थोडे झाले नाहींत. त्यांतील एकाचें मूळ तर दिव्यापाशींच आहे. एडवर्ड मॅलिंक्रोट यांस असें आढळलें कीं, विजेच्या दिव्याचें पितळी बूड दिवा लागलेला असतां हातास कमी गुळगुळीत लागतें व दिवा मालवतांच पुन्हा गुळगुळीत होतें. १९५३ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याचें कारण दाखविलें: विजेच्या आकर्षणानें सरकतें बोट क्षणोक्षणीं किंचित् ओढलें जातें. या तत्त्वावर पुढें अशा काचा झाल्या कीं ज्यांवरून बोट फिरवितांना कोठें खरखरीत, कोठें गुळगुळीत वाटावें. ध्वनीच्या पलीकडील कंपनांनींही घर्षण कमीजास्त करतां आलें. परंतु या दोन्ही युक्तींत बोट सरकत असेल तरच कांहीं कळतें. थांबलेल्या बोटाखालीं टिंब उभें राहत नाहीं. टिंब खरोखर उभें करणारीं ब्रेलयंत्रें १९७० नंतरच्या दशकांत आलीं. पण त्यांत प्रत्येक टिंबास स्वतंत्र विजेची पट्टी लागते. म्हणून तीं महाग, आणि बहुधा एकाच ओळीचीं.

सांता बार्बाराच्या पडद्याचें महत्त्व येथें ध्यानांत येतें. त्यांत टिंबागणिक तार नाहीं, पट्टी नाहीं. पातळ पत्र्यांत बारीक पोकळ्या आहेत, प्रत्येकीवर लवचिक कातडें ताणलेलें आहे, आणि पोकळींत ग्राफाइटचा, म्हणजे शिसपेन्सिलींतल्या काळ्या द्रव्याचा, तलम पापुद्रा टांगलेला आहे. पाठीमागून एक मंद लेसर किरण आरशांनीं फिरवून पाहिजे त्या पोकळीवर पाडतात. पापुद्रा तापतो, हवा फुगते, आणि तव्यावरचा फुलका वाफेनें टम्म व्हावा तसें कातडें एक मिलिमीटरपर्यंत वर येतें. किरण सरला कीं खालीं बसतें. हें सर्व सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आंत होतें. अशीं १५११ टिंबें एका पडद्यांत मावलीं आहेत. परीक्षेंत लोकांस टिंबाची जागा बोटानें अचूक सांगतां आली आणि सरकत्या आकृति ओळखतां आल्या. ऑप्टाकॉनमध्यें प्रकाश निरोप आणी आणि धक्का वीज देई. येथें निरोप आणि धक्का दोन्ही एकाच किरणाचे. बेलच्या नळींतलें काजळ आणि या पोकळींतला पापुद्रा हे दोन्ही कार्बनचेच. तेथें हवेनें कानाचा पडदा हालविला, येथें ती बोट उचलते.

या शोधानें उद्यांच खिशांतली काच टिंबांनीं भरून जाईल, असें मात्र कोणीं समजूं नये. ग्राफाइट काळा आहे, त्यांतून चित्र आरपार दिसत नाहीं. पडद्यामागें किरण फिरविण्यास जागा पाहिजे. आणि एकदां तापलेलें निवण्यास वेळ लागतोच. पण याहून मोठा प्रश्न यंत्राचा नाहीं, हेतूचा आहे. या टिंबांनीं काय लिहावयाचें? डोळसांच्या पडद्यावरचें चित्र जसेंच्या तसें फुगवून दिलें, तर आउईच्या अक्षरांची तिसरी आवृत्ति निघेल, आणि आरंभींचें कौतुक ओसरल्यावर तीही कपाटांत जाईल.

बोटास ज्याची खरी उणीव आहे तें दुसरेंच आहे. ब्रेलची ओळ भाषेस पुरते. नकाशास, भूमितीच्या आकृतीस, आलेखास ती पुरत नाहीं. अंध विद्यार्थ्यास त्रिकोणाचें वर्णन ऐकतां येतें, पण ‘ही बाजू वाढविली तर कोन कसा होतो’ हें हाताखालीं बदलतांना पाहावयाचें तर आज त्यास कागद बदलावा लागतो. क्षणोक्षणीं बदलणारें सबंध पान बोटाखालीं मिळालें, तर गणिताचें व शास्त्राचें जें दार त्याच्यासाठीं अर्धेंच उघडें आहे, तें पुरें उघडेल. पॉल बाख-इ-रिता यांनीं १९६९ सालीं चारशें कंपकांच्या साह्यानें पाठीच्या कातडीवर चित्र उमटविण्याचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत असें दिसलें कीं कॅमेरा अंध मनुष्यानें स्वतः फिरविला, तेव्हांच त्यास समोरच्या वस्तूचा बोध झाला. म्हणजे स्पर्शास चित्र नुसतें वाढून चालत नाहीं. तें त्यास स्वतःच्या हातानें शोधतां आलें पाहिजे.

सारांश, या दीर्घ इतिहासांत यशस्वी ठरलेली युक्ति एका अंध मुलाची आहे, आणि तिला सर्वांत जास्त विरोध झाला तो त्याच्या हितचिंतकांकडून. प्रकाशास हात देण्याची विद्या आतां मनुष्यास साधली आहे. त्या हातानें काय लिहावें हें मात्र, ज्यांचे डोळे प्रकाशावांचून आहेत, त्यांनींच सांगावयाचें आहे. आणि या वेळीं त्यांचें म्हणणें ऐकण्यास आम्ही तीस वर्षें लावूं नयेत.